नेमक्या पेशीवर नेम

मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेला माणूस सकाळी बराचसा धडधाकट वाटतो. दिवस कलला की पापण्या मिटू लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवताना जबडा इतका थकतो की काहींना तो हाताने वर धरावा लागतो. स्नायू शाबूत, मज्जातंतूही शाबूत. बिघाड असतो दोघांच्या सांध्यावर. १९७३ साली जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत-ईलमधला असिटिलकोलीन रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूचा संदेश झेलणारे प्रथिन, सशांना टोचला. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवल्या, त्या त्यांच्याच स्नायूंवर उलटल्या आणि ससे लुळे पडले. तेव्हापासून या आजारातला गुन्हेगार पुराव्यानिशी ठाऊक आहे. मज्जासंस्थेच्या फार थोड्या आजारांत इतकी खातरी मिळते. मग त्यावरच्या पेशी-उपचारात सरसकट धरपकड का करायची?

कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, लक्ष्य ओळखायला लावणारे जनुक त्यांत घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि रुग्णाला थोडी केमोथेरपी देऊन त्या परत सोडतात. ही रीत रक्ताच्या कर्करोगासाठी घडली. तिथे सीडी-१९ ही खूण असलेली प्रत्येक बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींचे मूळ) मारतात, कारण थोड्या कर्कपेशी उरल्या तरी रोग उलटू शकतो. जर्मनीत एरलांगेनच्या डॉक्टरांनी हेच हत्यार ल्युपस आणि त्याच्या भाईबंद स्वप्रतिकार आजारांवर चालवले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातल्या सर्व १५ रुग्णांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. एवढे साधत असेल आणि काही महिन्यांत नव्या, निरागस बी-पेशी येत असतील, तर नेमकेपणाचा हट्ट कशाला, असे कुणीही विचारेल.

आक्षेप वजनदार आहे, पण त्यामागचे गणित कर्करोगाचे आहे. मायस्थेनियाचे बहुतेक रुग्ण आजच्या औषधांवर वर्षानुवर्षे जगतात. त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ, आणि केमोथेरपीने प्रजननक्षमतेला धोका पोचू शकतो. कार-टीनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग उद्भवतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये ठळक इशारा छापायला लावला. शिवाय अँटीबॉडी ओतणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा-पेशींवर सीडी-१९ ची खूण बहुधा नसतेच. त्यांना गाठायला बीसीएमए या खुणेवर नेम धरावा, तर लसींनी कमावलेले संरक्षणही हातचे जाऊ लागते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये पेम्फिगस या त्वचारोगासाठी दुसरी वाट दाखवली: टी-पेशीच्या अंगावर गळाला आमिष लावावे तसा रोगाच्या लक्ष्याचाच तुकडा लावायचा. तो ओळखणारी बी-पेशीच जवळ येते आणि मरते, बाकीच्या सुखरूप राहतात. मायस्थेनियाच्या मस्क या प्रकारासाठीही असे आमिष तयार झाले आहे. अडचण अशी, की या प्रकारचे रुग्ण थोडे. बहुसंख्यांच्या अँटीबॉडी पाच तुकड्यांच्या रिसेप्टरवर ठिकठिकाणी चिकटतात, त्यामुळे एक आमिष पुरत नाही. त्यांच्यासाठी मला आज तरी मधला मार्ग पटतो. २०२३ मध्ये १४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे लक्ष्य बीसीएमएच होते, पण टी-पेशींना कायमच्या जनुकाऐवजी काही दिवसांत विरणारा एमआरएनए दिला आणि केमोथेरपी पूर्ण टाळली. रुग्णांची लक्षणे कमी झाली. चाचणी लहान, तुलनेला दुसरा गट नाही. तरी धोक्याला मुदत घालण्याची कल्पना मोलाची आहे.

राहिला पैशाचा मुद्दा: मूठभर रुग्णांसाठी वेगळे आमिष कोण बनवणार? आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराची किंमत परदेशातल्या तशाच उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी सांगितली गेली. तो उपचार रक्ताच्या कर्करोगासाठीच आहे. स्वस्त म्हणून मायस्थेनियावर वापरणे चुकीचे ठरेल. पण टी-पेशी घडवण्याचे कसब आता मुंबईत आहे, आणि आमिषासाठी जनुकातला लक्ष्य ओळखणारा भाग बदलला तरी पेशी काढणे, वाढवणे, परत देणे बरेचसे तेच राहते.