छावणीचा गुरुवार

गुरुवार हा छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या बाजाराचा दिवस. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची ही जुनी वस्ती. १८५७ मध्ये इथल्या घोडदळातही उठाव झाला होता. आठवडी बाजारात भाजीपाला, धान्य असतेच, पण नाव आहे ते जनावरांमुळे.

बैलाचा सौदा दातांपासून सुरू होतो. गिऱ्हाईक खालचा ओठ दाबून पुढचे दात पाहते. दुधाचेच दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही पक्के दात आले की बैल जुळला. जुळल्यानंतर वय नेमके सांगता येत नाही आणि व्यापाऱ्याच्या बोलण्याला इथेच धार चढते. बैल चालवून पाहतात, खांदा चाचपतात, शेपटीजवळचा भोवरासुद्धा पारखतात. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत जुनीच, बघ्यांना आकडा कळू नये म्हणून. इसार दिला की व्यवहार पक्का. त्यामागोमाग दोराच्या दुकानातून कासरा, वेसण, म्होरकी यांची खरेदी आली. पोळ्याआधीच्या गुरुवारी गोंडे, घुंगुरमाळा आणि शिंगांचा रंगही.

या गिऱ्हाइकीला ओहोटी लागली, त्याचे खापर बहुधा शहराच्या वाढीवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि कामगार वस्ती नगर रस्त्याने पुढे सरकली. तिथल्या बजाजनगरला स्वतःची बाजारपेठ मिळाली.

तरीही दोराच्या दुकानाला खरा फटका बसला तो शेतातून. नांगरटीला ट्रॅक्टर आला, दावणीतली जोडी गेली. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर म्हातारा बैल विकून नव्या जोडीत पैसे घालण्याचा मार्ग अरुंद झाला. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यातले जनावरांचे बाजार काही काळ बंदच होते. नायलॉनच्या दोराने सुताच्या कासऱ्याची जागा घेतली, तोही लवकर तुटत नाही, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा उशिराच येणार. शेळ्या-बोकडांची उलाढाल बकरी ईदच्या आधी वाढते, पण बोकडाला ना वेसण लागते ना घुंगुरमाळ. बैलाच्या साजावर दुकान चालवण्याचे दिवस छावणीत संपत आले आहेत.