मरहूम व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर आणि कर्जाचा हिशेब

गेल्या वर्षी विठ्ठलवाडीतील आमच्या एका चुलतभावाचा इंतकाल झाला. धंदा कापडाचा. माल भिवंडीहून यायचा, शिलाई उल्हासनगरात व्हायची आणि सारा हिशेब दुकानातल्या कॉम्प्युटरवर. चौथ्या दिवशी शिलाई कारागीर आला आणि मजुरी बाकी असल्याचे अदबीने सांगून गेला. खरे किती, कोणाला ठाऊक? ज्यांच्याकडून येणे होते ते मात्र फिरकले नाहीत. कॉम्प्युटर पासवर्ड मागत होता आणि पासवर्ड मरहूमसोबत गेला होता.

आपल्याकडे ही गोष्ट केवळ धंद्याची नाही. सूरह निसाच्या ११ व १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना, वसीयत आणि कर्ज आधी, वाटणी नंतर, हे पुनःपुन्हा बजावले आहे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत. उरेल तो तरका वारसांचा. कर्जाचा आकडाच कळला नाही तर मुलीचा हिस्सा कशावरून काढणार? पूर्वी खातेवही कपाटात असे. कुलूप तोडले की काम झाले.

मुलांनी घाईने रिपेअरवाल्याला बोलावले. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, मशीन नवी होईल." मशीन नवी झाली असती, पण हिशेब पुसला गेला असता. आम्ही वेळेवर पोहोचलो म्हणून निभावले. व्यापारी बांधवांनी लक्षात ठेवावे, फॉरमॅट हा पासवर्डवरचा इलाज नव्हे.

कुलपे तीन प्रकारची असतात. पहिले विंडोजचे. ते दाराच्या कडीसारखे. पुष्कळशा जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क काढून केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की फायली दिसतात आणि त्यांची नक्कल करून घेता येते. दुसरे बिटलॉकरचे. यात डिस्कवरचा मजकूरच सांकेतिक झालेला असतो, त्यामुळे डिस्क काढून उपयोग नाही. ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, किंवा कागदावर छापून ठेवलेली असते. म्हणून रद्दी विकण्यापूर्वी कागद चाळावेत. नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते आणि मालकालाही पत्ता नसतो. तिसरे टॅलीचे. त्यातही टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड हरवला तर खुद्द टॅली कंपनीही तो काढून देऊ शकत नाही.

आमच्या नशिबाने मशीन जुनी होती. सर्व वारसांना, मुलींनाही, विचारून दोन साक्षीदारांसमोर डिस्क काढली. कारण कॉम्प्युटर आता तरक्याचा भाग, एकट्या थोरल्या मुलाचा नव्हे. टॅलीचा पासवर्ड हिशेबनीसाला ठाऊक निघाला. कारागिराची बाकी नोंदीत होती, त्याने सांगितल्यापेक्षा थोडी जास्तच.

डिस्क उघडलीच नाही तर? जीएसटी पोर्टलवर नोंदणीकृत व्यापाऱ्यांना केलेल्या विक्रीची बिले जीएसटीआर-१ मध्ये आणि खरेदीची जीएसटीआर-२बी मध्ये सापडतात. बँकेच्या स्टेटमेंटवरून देवघेव कळते. पण रोखीची उधारी आणि कारागिरांची मजुरी तेथे नसते. त्यासाठी चिठ्ठ्या, चलनबुके आणि माणसांची जबान यांवरच भिस्त.

मरहूमचा मोबाईल नंबर बंद पडू देऊ नये, कारण ओटीपी त्यावरच येतात. मृत्यूचा दाखला देऊन तो वारसाच्या नावे करून घ्यावा. मात्र त्यांच्या पासवर्डने बँकेतून पैसे काढणे गैर. तेथे रीतसर दावाच करावा. धंदा पुढे चालवायचा असेल तर वारसाने स्वतःची जीएसटी नोंदणी घ्यावी आणि शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने वळते करावे. धंदा चालवणाऱ्या वारसावर मरहूमचा थकलेला करही येतो, हे विसरू नये.

आम्ही स्वतः विंडोज, ईमेल आणि टॅलीचे पासवर्ड व ती ४८ अंकी की एका कागदावर लिहून बंद पाकीट पत्नीकडे दिले आहे. वसीयतनाम्यात पासवर्ड घालू नये, त्याच्या नकला अनेक हातांत जातात. पासवर्ड बदलला की कागदही बदलावा लागतो. मध्यंतरी पत्नीने पाकीट फोडून तपासले, तर टॅली उघडेना. नवा पासवर्ड आम्ही लिहायलाच विसरलो होतो.