शाळा घरी आली, तरी नाव पटावरच हवं!

मैत्रिणींनो, जून उजाडला की गल्लीत एकच लगबग सुरू होते. कुणाची गणवेशाची घाई, तर कुणाची वह्यांना कव्हरं घालायची. पण प्रत्येक गल्लीत एखादं घर असंही असतं, जिथलं लेकरू उंबऱ्याजवळ बसून बाकीच्यांची दप्तरं बघत असतं. त्याला चालता येत नाही, धड बसता येत नाही, बोललेलं परक्याला कळत नाही. "त्याचं काय, ते घरीच असतं," म्हणून विषय संपतो. आज मला त्या घराबद्दल बोलायचंय. कारण त्यातलंच एक घर माझं आहे.

आम्ही हिंगोलीत राहतो. माझ्या धाकट्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. मान सावरायलाच तिला तीन वर्षं लागली. तिचं बोलणं मला, तिच्या बाबांना आणि आजीला तेवढं कळतं. डोकं मात्र तल्लख! कुकरच्या शिट्ट्या तीच मोजते आणि तीन झाल्या की हात हलवते. ती सहा वर्षांची झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कशाला लेकराचे हाल करता? बसू द्या सुखानं घरी." त्यांच्या बोलण्यात माया होती. पण माझ्या मनात एकच यायचं, आपण आहोत तोवर ठीक, पुढं काय? बोटानं दाखवून का होईना, मनातलं सांगता आलं तर उद्या परक्या माणसाजवळ तिचं अडणार नाही.

अंगणवाडीच्या ताई एकदा म्हणाल्या, "वहिनी, अशा लेकरांना घरी येऊन शिकवायची सोय आहे. गृहाधारित शिक्षण म्हणतात." मी चौकशीला लागले आणि कळलं, की ही कुणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क मिळाला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षं वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. खर्च 'समग्र शिक्षा' योजनेतून होतो.

कागद झाले, आता माणसं बघा. लेकीला घेऊन मी एका शाळेत गेले. तिथले गुरुजी स्वभावानं चांगले. तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, आणायचा त्रास कशाला घेता? राहू द्या घरीच. घरचं शिक्षण असं लिहून टाकू." ऐकायला किती सोपं! पण मला एक शब्द खटकला. टाकू! मी विचारलं, "शिकवायला कोण येणार? कोणत्या वारी येणार? ती बसायला लागली की वर्गात घेणार ना?" गुरुजी गप्प झाले. मग त्यांनीच गट साधन केंद्रात फोन लावला.

इथंच खरी मेख आहे. घरी शिकायचं की शाळेत, हे ठरवायचा हक्क मुलाचा आणि आईबापाचा आहे. शाळेला रॅम्प नाही, स्वच्छतागृह सोयीचं नाही, वर्गात पट मोठा आहे, म्हणून शाळेनं लेकराला घरी पाठवायचं, हे गृहाधारित शिक्षण नव्हे. ती नुसती वाटेला लावायची रीत झाली.

आमच्याकडे विशेष शिक्षिका यायला लागल्या. आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांनी. त्यांच्याकडे गावं बरीच. पण त्यांनी मला शिकवलं, की बाकीचे दिवस शाळा मीच चालवायची. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. आपला जिल्हा हळदीचा. मग आमचं गणित हळकुंडांवर सुरू झालं. मोठी एका परातीत, छोटी दुसऱ्या. आधी वेगळी करायची, मग मोजायची. मूठ उघडत नव्हती, तिला तो व्यायामही झाला. पाणी, भूक, दुखतंय, नको अशी चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवली. ज्या दिवशी तिनं दारात आलेल्या पाहुण्यांना पुठ्ठ्यावरचं 'पाणी' दाखवलं, त्या दिवशी सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. आता त्याच तिला रोज दुपारी घेऊन बसतात.

तरी एक उणीव घरात भरून निघत नाही, ती म्हणजे पोरांची संगत. म्हणून दर शनिवारी मी तिला शाळेत नेते, परिपाठापुरती का होईना. पहिल्यांदा मुलं टकामका बघायची. आता व्हीलचेअर कुणी ढकलायची यावरून भांडणं होतात!

काही जणी विचारतात, "आमचं लेकरू धडधाकट आहे, पण शाळा आवडत नाही. त्यालाही सरकार घरी शिकवेल का?" तर नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात सरकारी पैशावर चालणाऱ्या काही शाळा घरी शिकणाऱ्या मुलांना शिक्षक आणि साहित्य पुरवतात. आपल्याकडे तशी सोय नाही. 'एनआयओएस' म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा किंवा दहावीला १७ नंबरचा फॉर्म, हे रस्ते आहेत. पण त्यात शिकवायचं आपलं आपणच.

हे लक्षात ठेवा

* जवळच्या शाळेत जाऊन मुलाचं नाव पटावर घाला. ते घरी शिकणार असलं तरी नाव शाळेतच हवं. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
* वय वाढलं म्हणून पहिलीतच बसवतील, असं नाही. वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो.
* तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. मुलाची तपासणी करून त्याच्यापुरता आराखडा तयार करायला सांगा. भेटीच्या तारखा आपल्या वहीत लिहून ठेवा.
* जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्ड काढून घ्या.
* समग्र शिक्षेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. ती रक्कम हातात मिळत नाही, सोयींवर खर्च होते. पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपये, दहा महिने, असा भत्ता आहे. त्याबद्दल शाळेत विचारा.
* तब्येत सुधारली की वर्गात यायचा रस्ता उघडा ठेवा. दरवर्षी जूनमध्ये हा प्रश्न नव्यानं विचारा.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं लेकरू नसेल, तर शेजारी असेल, माहेरच्या गावी असेल. त्याच्या आईला एकदा विचारा, "नाव घातलं का?" ती "कुठं घालायचं?" म्हणाली, तर तिच्यासोबत शाळेपर्यंत चालत जा. एकटीनं त्या ऑफिसात उभं राहणं फार जड जातं हो!