थळची भरती आणि पंधरा नावांची यादी

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर ओहोटीला होड्या चिखलात कलून पडलेल्या असतात. समोर खांदेरी आणि उंदेरी हे जलदुर्ग दिसतात, पण पाणी चढेपर्यंत तिकडे जाता येत नाही. पाणी चढणार कधी? कोकणच्या किनाऱ्यावर याचं जुनं तोंडी गणित आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीचे तास मिळतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला बारा वाजता, दुपारीही आणि रात्रीही.

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलेल्या प्रत्येकाला लिस्ट आणि लूप या दोन गोष्टी लवकर भेटतात. लिस्ट म्हणजे क्रमाने मांडलेली यादी. लूप म्हणजे तीच कृती यादीतल्या एकेका गोष्टीवर पुन्हा पुन्हा करणं. सरावाला बहुधा फळांची नावं किंवा विद्यार्थ्यांचे गुण दिलेले असतात. मला वाटतं, आपल्याकडे त्याहून सुंदर उदाहरण पंचांगातच पडलेलं आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चौकटी कंसात स्वल्पविराम देत नावं लिहा : पुनव, प्रतिपदा, द्वितीया असं करत चतुर्दशीपर्यंत. पंधरा नावं झाली. पायथन मोजायला सुरुवात शून्यापासून करतो. नवशिक्याला हे फार खटकतं, कारण पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य कसा? पण इथे बघा : पुनवेचा क्रमांक शून्य, प्रतिपदेचा एक, अष्टमीचा आठ. प्रत्येक तिथी आपापल्या आकड्यावर नेमकी बसली!

आता लूप. क्रमांकाला 48 ने गुणायचं, तेवढी मिनिटं बारा वाजल्यापुढे मोजायची आणि छापायचं. दोन-तीन ओळींत सगळा पंधरवडा पडद्यावर उतरतो : पुनव 12:00, प्रतिपदा 12:48, द्वितीया 1:36, अष्टमी 6:24, चतुर्दशी 11:12.

48 च का? सूर्याच्या मानाने चंद्र एका तिथीत 12 अंश पुढे सरकतो, कारण 360 अंशांच्या तीस तिथी होतात. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे 12 अंशांना 48 मिनिटं. पाऊणपटीत तिथीमागे 45 मिनिटंच धरली जातात. ते तोंडी करायला सोपं, पण तीन मिनिटांची तूट प्रत्येक फेरीत साठत जाते आणि पंधराव्या तिथीपर्यंत पाऊण तास होते. लूपमध्ये लहान चूक कशी वाढते, ते याहून चांगलं मला कुठे दिसलेलं नाही.

पंधराव्या क्रमांकाचं नाव मागितलंत तर पायथन अडतो, कारण यादी चौदावर संपते. मग क्रमांकाला पंधराने भागून बाकी घ्यायची. पंधराची बाकी शून्य. पुन्हा यादीचं पहिलं घर, पुन्हा बारा वाजता भरती, फक्त आता आकाशात पुनवेऐवजी अवस. समुद्र हा लूप प्रोग्रॅम नावाची गोष्ट जन्मायच्या आधीपासून चालवतो आहे. 1872 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ केल्विनने चाकं आणि कप्प्या जोडून भरतीचं भाकीत करणारं यंत्र उभं केलं. 1879 मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असंच यंत्र इंग्लंडात तयार झालं. त्यातलं प्रत्येक चाक म्हणजे आपल्या गतीने फिरणारा एक लूपच.

एवढ्या चाकांची गरज होती, कारण खरी भरती एका गुणाकारात मावत नाही. सूर्याची ओढ आणि चंद्राची लंबवर्तुळी कक्षा यांनी वेळ पुढेमागे होते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तर जास्तच. तेव्हा यादी लिहा, लूप चालवा, पंधरा दिवस किनाऱ्यावर येऊन आपलं उत्तर पाण्याशी ताडून बघा. पाण्यात पाऊल टाकण्याआधी मात्र अधिकृत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि थळच्या कोळ्यांना विचारा.