दुसऱ्यास वाचतां यावें म्हणून

आमच्या घरीं माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तींत आजोबांच्या हातच्या मोडी वह्या जपून ठेविलेल्या आहेत. त्यांपैकीं एका वहींत विहिरीच्या हिश्शासंबंधीं एक नोंद आहे : "सन ४५, हिस्सा सोडविला." अक्षर वळणदार, शाई अद्यापि ठळक; परंतु हें 'सन ४५' कोणतें? आजोबांच्या काळीं परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. महसुलाचें दप्तर फसली सनानें चाले, पंचांग व धर्मकृत्यें शालिवाहन शकानें चालत, आणि शाळा-पोस्टाच्या निमित्तानें इसवी सनही घरांत शिरलेला होता. फसली १३४५ धरावा तर इसवी १९३५-३६ हें वर्ष येतें. शके १८४५ धरावा तर १९२३-२४. आणि इसवी धरावा तर १९४५. घरची वांटणी झाली १९३० सालीं. हिस्सा वांटणीपूर्वीं सुटला असेल तर तो दोन्ही घरांचा. नंतर सुटला असेल तर केवळ आमचा. लिहिणारास स्वतःस शंका नव्हती, म्हणून त्यानें दोन अंक लिहिले. त्या दोन अंकांपायीं पुढें दोन्ही घरांचें एका पंक्तीस बसणें बारा वर्षें बंद होतें.

ही गोष्ट आज सांगण्याचें कारण निराळें आहे. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यास संगणकाच्या एका कंपनींत नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां मीं सहज विचारलें, "काय रे, हल्लीं नवें काय लिहितोस?" तो म्हणाला, "आबा, दोन महिने झाले, नवें कांहींच लिहिलें नाहीं. जुनें वाचतों आहें." मला वाटलें, पोरगा कामचुकार झाला! तेव्हां त्यानें सविस्तर हकीकत सांगितली. एका पतसंस्थेचा व्याज आकारणारा जुना प्रोग्रॅम त्याच्या हातीं आला होता. तो लिहिणारे केव्हांच दुसरीकडे निघून गेलेले. काम एवढेंच कीं, कर्जावरील व्याजाचा दर शेंकडा १२ होता, तो ११ करावयाचा.

"मग एक आंकडा बदल आणि मोकळा हो," मीं म्हटलें.

"आबा, त्यांत १२ हा आंकडा तीसएक ठिकाणीं आहे. कोठें तो व्याजाचा दर आहे, कोठें वर्षाचे महिने, तर कोठें कर्जाचे हप्ते. आणि कोठें काय आहे हें लिहिणारानें कोठेंच सांगितलेलें नाहीं. मीं सगळे १२ पुसून ११ केले तर वर्षही अकरा महिन्यांचें होईल!"

मीं हंसलों, पण लगेच मनांत आलें, हें तर आमचें 'सन ४५'च झालें. त्या व्याजांत एक रुपयाची चूक झाली तरी ती हजारों कर्जदार शेतकऱ्यांच्या खात्यांत महिनोन् महिने सांचत जाणार. आणि त्याचे वरिष्ठ विचारीत, "प्रोग्रॅम चालतो आहे ना? मग त्यास हात कशाला लावतां?"

ह्या प्रश्नांतच सगळ्या दुखण्याचें मूळ आहे. प्रोग्रॅम म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांची माला. परंतु तिचे वाचक दोन असतात. एक यंत्र, व दुसरा तिच्यांत पुढें फेरफार करणारा मनुष्य. यंत्रास नांवांचें सोयरसुतक नाहीं; 'व्याजदर' लिहा कीं 'क्ष' लिहा, तें मुकाट्यानें बेरीज करतें. म्हणून आज बिनचूक उत्तर देणारा प्रोग्रॅमही आंतून रोगी असूं शकतो. लेहमन नांवाच्या संशोधकानें १९७४ च्या सुमारास असा सिद्धांत मांडला कीं, वापरांतील प्रोग्रॅम सतत बदलत राहावा लागतो, नाहीं तर तो निरुपयोगी होत जातो. आणि बदलतांना मुद्दाम श्रम घेऊन सोपा न ठेविल्यास त्यांतील गुंतागुंत वाढतच जाते. वापरांतलें घर दरसाल शाकारावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार.

सर्व जगानें ह्याचा अनुभव इसवी सन २००० च्या उंबरठ्यावर घेतला. संगणकाची स्मृति पूर्वीं फार महाग होती. म्हणून सालाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची चाल पडली. १९४० सालीं जन्मलेल्या माणसाचें वय काढावयाचें तर ९९ मधून ४० वजा करावे, ५९ येतात. परंतु ९९ नंतर ०० आले म्हणजे उत्तर उणें चाळीस! शिवाय शतकाचें वर्ष प्लुत नसतें, एवढाच अर्धा नियम कित्येकांस ठाऊक. चारशेंनीं भाग जाणारें २००० हें वर्ष प्लुत असतें, हा उरलेला अर्धा ते विसरले. चूक दुरुस्त करणें सोपें, पण ती कोठें कोठें आहे हें हुडकणें महाकठीण. कारण तारीख एका ठिकाणीं नसून सहस्रावधि ठिकाणीं विखुरलेली होती. हें काम भारतांतील सॉफ्टवेअर-व्यवसायास मोठ्या प्रमाणांत मिळालें व त्या व्यवसायाचा पाया त्यायोगें भक्कम झाला. तरीही पुष्कळ ठिकाणीं केवळ ठिगळ लावण्यांत आलें : अमुक अंकाच्या आंतील वर्षें दोन हजारांतलीं समजावीं, त्यापुढचीं एकोणीसशांतलीं. रोग गेला नाहीं. पुढील पिढीवर ढकलला गेला.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यांतही एक फेरफार झाला. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां २६ जिल्हे होते. २०१४ सालीं पालघर झाल्यावर ते ३६ झाले. आतां कल्पना करा, एखाद्या प्रोग्रॅममध्यें जिल्ह्यांची यादी एकाच ठिकाणीं लिहिलेली आहे, व बाकी सर्वजण तेथूनच ती घेतात. हिंगोलीचें नांव एकदां घातलें कीं काम झालें. दुसऱ्या प्रोग्रॅममध्यें तीच यादी दहा ठिकाणीं उतरून काढलेली आहे. नऊ ठिकाणीं हिंगोली चढली आणि दहाव्या ठिकाणीं राहिली, तर कोणा बिचाऱ्याचा अर्ज 'असा जिल्हा नाहीं' म्हणून परत यावयाचा!

हे दोष ओळखावे कसे? आमच्या चिरंजीवानें लक्षणें सांगितलीं, तीं वैद्याच्या निदानासारखींच आहेत. एकच मजकूर अनेक ठिकाणीं उतरलेला असणें. नांव एक आणि काम दुसरेंच असणें. अर्थ न सांगतां उघडा आंकडा लिहिणें. एकाच प्रकरणांत दहा कामें कोंबणें. 'असें असेल तर' ह्या अटींत अटी गुंतविणें. आणि जें कोणी वापरीत नाहीं तें भीतीनें तसेंच राहूं देणें. प्रकरणांतील वाटा-फांटे मोजण्याची रीत मॅकेब ह्यानें १९७६ सालीं दाखवून दिली. दहाच्या वर वाटा झाल्या कीं सावध व्हावें, असा त्याचा संकेत आहे. असलीं लक्षणें यंत्राकडूनच हुडकून घेणारीं साधनेंही आतां आहेत. पुण्यांत १९८१ सालीं स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ह्या संस्थेंत प्रोग्रॅमचें असें परीक्षण करण्याच्या साधनांवर पुष्कळ काम झालें आहे. तथापि नांव फसवें आहे किंवा नाहीं, हें शेवटीं माणसानेंच वाचून ठरवावें लागतें.

आतां उपचार. पहिला नियम असा कीं, तपासणीची सोय केल्यावांचून जुन्या लिखाणास हात लावूं नये. चिरंजीवानें शेंकडों जुनीं खातीं घेऊन त्यांचीं उत्तरें पैशापैशांपर्यंत टिपून ठेविलीं. मग त्यानें एका वेळीं एकच लहान फेरफार केला. व्याजाच्या १२ ला 'व्याजदर' हें नांव दिलें, तें एकाच ठिकाणीं लिहिलें, आणि सर्व खात्यांचा हिशेब पुनः करून जुन्या उत्तरांशीं ताडून पाहिला. जुळला तर पुढें. न जुळला तर मागें. शोध पुरा झाला तेव्हां तिसांपैकीं अकरा ठिकाणींच तो आंकडा व्याजाचा निघाला! रचना सुधारणें आणि वागणूक बदलणें हीं दोन कामें त्यानें कधीं एकत्र केलीं नाहींत. सगळी रचना नीट झाल्यावर शेवटच्या दिवशीं एका ओळींत बाराचे अकरा केले. प्रत्येक फेरफार कां केला ह्याची नोंद ठेविली, व सोबत्याकडून वाचून घेतली. "सगळेंच मोडून नवें कां नाहीं लिहिलेंस?" असें विचारतां म्हणाला, "आबा, जुन्यांत पंधरा वर्षांचे अपवाद मुरलेले आहेत. ते न समजतां नवें लिहिलें तर जुन्या चुका नव्यानें करीन."

वॉर्ड कनिंगहॅम ह्यानें १९९२ सालीं असल्या घाईच्या लिखाणास कर्जाची उपमा दिली. वेळेवर काम उरकण्यासाठीं कर्ज काढणें हा गुन्हा नव्हे. न फेडणें हा गुन्हा. पुढचा प्रत्येक फेरफार जड जातो, हेंच त्याचें व्याज.

संस्कृतज्ञांस ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत व्याकरण बांधलें, तें ह्याच युक्तीच्या बळावर : 'वृद्धि', 'गुण' ह्या संज्ञांचा अर्थ एकदांच सांगावयाचा, आणि पुढें सर्वत्र केवळ संज्ञा वापरावयाची. तरीही कात्यायनास वार्तिकें लिहावीं लागलीं व पतंजलीस महाभाष्य रचावें लागलें. सूत्र कितीही निर्दोष असलें तरी तें वाचणारांची परंपरा तुटली कीं तें मुकें होतें.

आमच्या वहीचें शेवटीं काय झालें, तें सांगून आटोपतों. त्या नोंदींत तिथीबरोबर वारही लिहिलेला होता. तिकडे कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. मीं जुन्या पंचांगांशीं तिथि-वारांचा मेळ घातला, तो शके १८४५ शींच जुळला. हिस्सा वांटणीपूर्वींचा, म्हणजे दोन्ही घरांचा होता. चूक आमचीच होती. चुलतबंधूंकडे तें सांगावयास मी गेलों तेव्हां ते वारून चार महिने झाले होते. पाण्याची पाळी त्यांच्या मुलांस देऊं केली. त्यांनीं घेतली, आणि त्या वर्षीं श्राद्धास दोन्ही घरें एका पंक्तीस बसलीं.

दिवाळीहून परततांना चिरंजीवानें त्या नोंदीखालीं देवनागरींत एक ओळ लिहून ठेविली : "शालिवाहन शके १८४५, इसवी १९२३-२४; तिथि-वारावरून ठरविलें." मूळ अक्षरास त्यानें हात लावला नाहीं.