साधन काढलं, इंटरनेट गेलं!

पावसाळ्यात दासगावात इंटरनेट बंद पडलं की पहिला संशय केबलवर जातो. कुठे फांदी पडली असेल, कुठे दरड आली असेल. पण कधी कधी राउटरचे दिवे नीट लागलेले असतात, मोबाइल त्याच वाय-फायवर सुरळीत चालतो आणि संगणकावर मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही. संगणकावरून ‘सुरक्षित डीएनएस’चं एखादं साधन नुकतंच काढलं असेल, तर केबलवाल्याला फोन करण्याआधी तिकडे पाहावं.

सातबारा पाहण्यासाठी आपण भूलेख.महाभूमी.जीओव्ही.इन हे नाव टाकतो. संगणकाला मात्र आकडी पत्ता लागतो. नावावरून तो पत्ता शोधणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. शोध नावाच्या उजव्या टोकापासून सुरू होतो: आधी ‘इन’ कोण सांभाळतं, मग ‘जीओव्ही’, मग ‘महाभूमी’. ही पायपीट आपल्या वतीने ‘रिझॉल्व्हर’ नावाचा सर्व्हर करतो आणि तो बहुधा इंटरनेट कंपनीचाच असतो.

अडचण अशी, की आपला प्रश्न त्याच्यापर्यंत उघडाच जातो. दासगावच्या थांब्यावर एसटीतून उतरून मोठ्याने पत्ता विचारला, तर आपण कोणाकडे निघालो हे आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं. एखादा लबाड भलतीकडेही धाडू शकतो. यावर उपाय म्हणून २०११ मध्ये डीएनएसक्रिप्ट आलं. पुढे प्रश्न-उत्तरं सांकेतिक रूपात नेण्याची दोन मानकं ठरली: डीएनएस ओव्हर टीएलएस २०१६ मध्ये आणि डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस २०१८ मध्ये.

डीएनएसक्रिप्टसारखं साधन बसवताना संगणकात दोन गोष्टी घडतात. एक, पडद्यामागे सतत चालणारी सेवा सुरू होते. ती प्रश्न कुलूपबंद करून निवडलेल्या रिझॉल्व्हरकडे पाठवते. दोन, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून १२७.०.०.१ होतो. हा पत्ता खुद्द त्याच संगणकाचा. साधन काढताना सेवा गेली आणि सेटिंग तसंच राहिलं, तर संगणक स्वतःलाच विचारत बसतो आणि उत्तर द्यायला आत कोणी नसतं.

असाच गोंधळ जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. ‘डीएनएसचेंजर’ या घातक प्रोग्रॅमने शंभरहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांचं डीएनएस सेटिंग भामट्यांच्या सर्व्हरकडे वळवलं होतं. २०११ मध्ये टोळी पकडली गेली, पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर या सगळ्यांचं इंटरनेट ठप्प झालं असतं. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर ठेवून लोकांना सेटिंग दुरुस्त करायला ९ जुलै २०१२ पर्यंत मुदत दिली गेली.

घरच्या संगणकावरही क्रम हाच ठेवावा. आधी नेटवर्क सेटिंगमधला डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणा, मग सेवा थांबवा आणि शेवटी प्रोग्रॅम काढा. केबलची जोडणी आणि वाय-फाय यांची सेटिंग्ज वेगवेगळी असतात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांचीही, सगळी तपासा. नाहीतर केबलवर सगळं ठीक चालतं आणि ऐन जुलैत लाइन गेल्यावर मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलं, की राहून गेलेलं वाय-फायचं सेटिंग आडवं येतं.

या साधनाकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. वाटेवरच्यांपासून प्रश्न लपतो, पण निवडलेल्या रिझॉल्व्हरला तो दिसतोच. म्हणजे विश्वास एका कंपनीकडून दुसरीकडे जातो, एवढंच. आपण ज्या सर्व्हरशी जोडले जातो त्याचा आकडी पत्ता इंटरनेट कंपनीला तरीही दिसतो. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या लिंकवर स्वतःच पासवर्ड टाकला, तर हे कुलूप वाचवत नाही. शिवाय लॉजच्या फुकट वाय-फायचं लॉगिन पान कधी कधी याच्यामुळे उघडत नाही.

बहुतेकांना वेगळं साधन बसवण्याची गरजही नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही सोय आहेच, आणि ती एका बटणाने चालू-बंद होते. विंडोज ११ मध्येही ती आहे. तरीही स्वतंत्र साधन हवंच असेल, तर ते मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि बसवण्याआधी सध्याच्या डीएनएस सेटिंगचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. साधन काढायच्या दिवशी तोच उपयोगी पडेल.