एका वर्षाचा अध्यक्ष, अनेक वर्षांचं काम

दरवर्षी जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या गावोगावी पदग्रहण समारंभ रंगतात. मावळत्या अध्यक्षाच्या गळ्यातली कॉलर नव्या अध्यक्षाच्या गळ्यात पडते, क्लबांच्या प्रांताचे प्रमुख, म्हणजे प्रांतपाल, मार्गदर्शन करतात आणि रोटरी किंवा लायन्स यांसारख्या सेवा क्लबचं नवं वर्ष सुरू होतं. हे अध्यक्षपद अवघ्या एका वर्षाचं. गावातली रक्तपेढी, मूकबधिर मुलांची शाळा, वृद्धाश्रम यांना मात्र वर्षानुवर्षं चालायचं असतं. या दोन्हींचा मेळ जो क्लब घालतो, त्याचंच काम गावाच्या उपयोगी पडतं.

शिकागोतला पहिला धडा

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांसह रोटरीची पहिली बैठक घेतली. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. परक्या महानगरात ओळखीपाळखी वाढाव्यात, एकमेकांचा धंदा वाढावा, एवढाच सुरुवातीचा हेतू. पण दोनच वर्षांत या मंडळींनी शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं, असा आग्रह धरला. मद्यविक्रेत्यांनी आणि बड्या दुकानदारांनी विरोध केला. स्वच्छतागृहासाठी आपल्या दुकानात येणारा माणूस जाता जाता काही विकत घेतो, हे त्यांना ठाऊक होतं. क्लबने शहरातल्या इतर संस्था एकत्र आणल्या, पाठपुरावा केला आणि अखेर स्वच्छतागृह उभं राहिलं, तेही पालिकेच्या खर्चाने.

सेवा क्लबच्या कामाची सगळी रीत या प्रसंगात दिसते. क्लबकडे फार मोठा पैसा नसतो. त्याच्याकडे डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक, सनदी लेखापाल असतात. कोणत्या कचेरीत कोणाला भेटायचं, हे जाणणारी माणसं असतात. एखाद्या छोट्या सेवाभावी संस्थेला अनेकदा देणगीइतकीच याची गरज असते.

भारतात ही चळवळ १९२० साली कोलकात्याच्या रोटरी क्लबमुळे रुजली. मुंबईचा रोटरी क्लब १९२९चा. लायन्सची स्थापना मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये केली, तीही शिकागोतच. १९२५ साली हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि नेत्रसेवा हा लायन्सचा धर्मच झाला. भारतात लायन्स १९५६ मध्ये आले. आपल्याकडच्या कितीतरी मोतीबिंदू शिबिरांचा उगम असा आहे. स्त्रियांना सदस्यत्व मिळायला मात्र दोन्ही संघटनांत १९८०चं दशक संपत यावं लागलं. निम्म्या समाजाला इतकी वर्षं दाराबाहेर ठेवणं, ही या चळवळीतली मोठी उणीव होती.

पोलिओची चिकाटी

एका वर्षाच्या पदाधिकाऱ्यांकडून अनेक दशकांचं काम कसं होऊ शकतं, हे पोलिओने दाखवलं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये लसीकरणाला मदत केली, १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम हाती घेतली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व इतरांसह जागतिक निर्मूलन उपक्रम उभारला. तेव्हा वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असे.

भारतात २००९ मध्येही ७४१ रुग्ण सापडले होते. जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. पुढच्या वर्षी हा आकडा ४२ वर आला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. खरं श्रेय सरकारी यंत्रणेचं आणि दारोदार फिरलेल्या आरोग्यसेविकांचं. क्लबचे सदस्य लसीकरण केंद्रांवर बसले, निधी जमवला, शंका घेणाऱ्या वस्त्यांत धर्मगुरूंना सोबत घेऊन गेले. दरवर्षी अध्यक्ष बदलले, काम बदललं नाही.

आपल्या गावासाठी

ही शिस्त तालुक्याच्या क्लबमध्येही यायला हवी. डायलिसिस यंत्राचं उदाहरण घ्या. लोकार्पण एका सकाळी होतं. रुग्णाला मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेला सुमारे चार तास त्या यंत्राशी बांधलेलं राहावं लागतं. त्यासाठी शुद्ध केलेलं पाणी, प्रशिक्षित तंत्रज्ञ, डायलायझर, वीज आणि देखभाल-दुरुस्तीचा करार लागतो. हा खर्च पुढची पाच वर्षं कोण करणार, हे ठरल्याशिवाय यंत्र देणं म्हणजे अर्धीच मदत. शाळेच्या स्वच्छतागृहाचंही तसंच: पाण्याची टाकी आणि सफाईची व्यवस्था नसेल, तर त्याला कुलूप लागायला वेळ लागत नाही.

हिशेबाची चोख सवय या क्लबांना आहेच. लायन्समध्ये लोकांकडून जमवलेला पैसा मुख्यतः सेवाकार्यावर खर्च करायचा आणि क्लबचा कारभार प्रामुख्याने सदस्यांच्या वर्गणीतून चालवायचा, असा दंडक आहे. रुपयांच्या हिशेबाइतकाच काळाचाही हिशेब ठेवायला हवा. मावळता, विद्यमान आणि नियोजित अशा तिन्ही अध्यक्षांनी एकत्र बसून गावातली एक-दोन संस्था निवडाव्यात. त्या चालवणाऱ्यांना काय हवं, हे आधी विचारावं. आणि किमान तीन वर्षांचा शब्द द्यावा.

साहजिकच नव्या अध्यक्षाला स्वतःचा म्हणावा असा प्रकल्प हवासा वाटतो. पण आधीच्याने सुरू केलेलं काम पुढे नेणं, हीच अध्यक्षपदाची खरी परीक्षा आहे. येत्या जुलैच्या समारंभात नव्या योजनांच्या घोषणेआधी गेल्या तीन वर्षांतल्या कामांची आजची स्थिती सभागृहासमोर वाचून दाखवावी. गावाचा विश्वास अशा अहवालातूनच कमावता येतो.